रवांडा १९९४: वंशसंहार कसा झाला आणि जग का हललं नाही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रवांडाचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, शब्द फक्त इकडचे तिकडे. ते सगळे एका ठिकाणी घेतलेत. सलग वाचायची गरज नाही, एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे नंबर दिलाय. माझं मत कुठे कुठे डोकावतं, ते लपवलेलं नाही.

१. रवांडात नेमकं झालं काय? थोडक्यात सांगा ना.

मध्य-पूर्व आफ्रिकेतला छोटासा डोंगराळ देश, तेव्हा लोकसंख्या साधारण ७० लाख, राजधानी किगाली. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान पाडलं गेलं आणि काही तासांत कत्तल सुरू झाली, ती जुलैच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण १०० दिवस चालली. मारले गेले ते मुख्यतः तुत्सी, आणि सोबत या प्रकाराला विरोध करणारे हुतूसुद्धा. आकडा किती यावर वाद आहे, ८ लाख हा आकडा सगळ्यात जास्त वापरला जातो, रवांडा सरकार १० लाखांच्या वर सांगतं, काही अभ्यासक ५-६ लाखांवर थांबतात. कुठलाही धरा, देशातल्या तुत्सींपैकी साधारण पाऊण भाग संपला. बॉम्ब नाहीत की गॅस चेंबर नाहीत, बरेचसे लोक कोयत्याने आणि खिळे ठोकलेल्या सोट्याने मारले गेले, आणि मारणारा बऱ्याचदा ओळखीचा होता.

२. हुतू आणि तुत्सी म्हणजे काय, जात का धर्म का वंश?

धर्म तर नाहीच, दोघंही बहुतेक कॅथलिक. भाषा एक, किन्यारवांडा. गावं वेगळी नाहीत, एकाच डोंगरावर शेजारी शेजारी घरं, आपसात लग्नं पण भरपूर. ढोबळमानाने तुत्सी म्हणजे गुरं राखणारे आणि राजघराण्याच्या जवळचे, हुतू म्हणजे शेती करणारे. पण गरीब तुत्सी खंडीभर होते आणि गुरंढोरं राखून वर आलेला हुतू कालांतराने तुत्सी म्हणवला जायचा. १९९० च्या आसपास हुतू साधारण ८५ टक्के, तुत्सी १४, आणि त्वा नावाचा अगदी छोटा गट १ टक्का.

आपल्याकडच्या वाचकाला लगेच जात आठवते, पण तो सांधा नीट बसत नाही. तिथे रोटीबेटीची बंदी नव्हती आणि माणूस एका गटातून दुसऱ्यात जाऊ शकत होता. ही ये-जा बंद झाली ती १९३० च्या दशकात, बेल्जियमच्या राजवटीने शिरगणती करून प्रत्येकाच्या हातात ओळखपत्र दिलं आणि त्यावर हुतू, तुत्सी का त्वा ते छापलं तेव्हा. बापाचं जे असेल तेच पोराचं. ६० वर्षांनी रस्त्यावरच्या नाकेबंदीत लोकांना बाजूला काढताना हेच कार्ड मागितलं जायचं.

३. म्हणजे सगळं पाप गोऱ्यांचंच की.

अर्धंच. बेल्जियमने आधी तुत्सींना 'उच्च वंशाचे' ठरवून शाळा, नोकऱ्या, सरदारक्या दिल्या आणि १९५० च्या दशकाच्या शेवटी, तुत्सी नेते स्वातंत्र्य मागायला लागल्यावर, पलटी मारून हुतू नेत्यांच्या मागे उभे राहिले. १९५९ ला दंगली झाल्या, तुत्सींची घरं जळाली, हजारो लोक युगांडा, बुरुंडी, काँगोत पळाले. इथवर ठीक आहे.

पण १ जुलै १९६२ ला स्वातंत्र्य मिळालं. त्यानंतर ते कार्ड फाडून टाकायला कोणी अडवलं होतं का? पहिला राष्ट्राध्यक्ष कायिबांडाने ठेवलं, १९७३ ला लष्करी उठाव करून आलेल्या हाब्यारिमानानेही ठेवलं, शाळा-नोकऱ्यांत तुत्सींना कोटा लावून वर मर्यादा घातली. १९६३ च्या डिसेंबरमध्ये गिकोंगोरो भागात हजारो तुत्सी मारले गेले, जगाने तेव्हाही फार काही केलं नाही. सगळं वसाहतवादावर ढकललं की ज्यांनी ३२ वर्षं तो वारसा जपला, ते अलगद सुटतात.

४. मग १९९० नंतर असं काय झालं की गोष्ट इथवर गेली?

बरंच काही एकदम झालं. १९८९ ला कॉफीचे जागतिक भाव कोसळले, आणि रवांडाची निर्यात म्हणजे मुख्यतः कॉफीच. जमीन कमी, माणसं जास्त, तरुण रिकामे. त्यात १ ऑक्टोबर १९९० ला युगांडात वाढलेल्या निर्वासित तुत्सींच्या आरपीएफ या सशस्त्र संघटनेने उत्तरेकडून हल्ला केला. सरकारला आयतं कोलीत मिळालं, देशातला प्रत्येक तुत्सी हा शत्रूचा हस्तक. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'कांगुरा' नावाच्या नियतकालिकाने हुतूंसाठी दहा आज्ञा छापल्या, त्यात तुत्सी बाईशी लग्न करणारा हुतू हा गद्दार, वगैरे वगैरे.

दुसरीकडे पैसे देणारे देश बहुपक्षीय लोकशाहीसाठी दबाव टाकत होते आणि ऑगस्ट १९९३ मध्ये टांझानियातल्या अरुशाला करार झाला, आरपीएफला सरकारात आणि सैन्यात वाटा द्यायचा. ओळखपत्रावरून गट काढून टाकायचा हेही त्या करारात होतं. हाब्यारिमानाच्या बायकोच्या माहेरचं जे वर्तुळ सत्ता चालवायचं, म्हणजे 'अकाझू', त्यांच्यासाठी हा करार म्हणजे दुकान बंद. ऑक्टोबर १९९३ ला शेजारच्या बुरुंडीत निवडून आलेला पहिला हुतू राष्ट्राध्यक्ष एनदादाये तुत्सी सैनिकांनी मारला, आणि 'बघा, तुत्सींशी वाटाघाटी केल्या की हे होतं' म्हणायला जहालांना पुरावाच मिळाला. हाब्यारिमानाच्या पक्षाच्या तरुण आघाडीला, इंतेराहाम्वेला, ट्रेनिंग सुरू होतं. १९९३ च्या सुरुवातीपासून पाच लाखांहून जास्त कोयते आयात झाले असा ह्युमन राइट्स वॉचचा हिशोब आहे. शेतीला कोयता लागतो हे खरं, पण एवढे?

५. 'जुना द्वेष होता, तो उफाळून आला', यात चूक काय?

याला एकच उत्तर मी नेहमी देतो: बुतारे.

बुतारे हा दक्षिणेतला प्रांत, विद्यापीठाचं शहर, तुत्सींचं प्रमाण देशात इथे जास्त, मिश्र लग्नंही जास्त. इथला प्रीफे, म्हणजे आपल्या कलेक्टरसारखा अधिकारी, जाँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना, हा त्या वेळचा देशातला एकमेव तुत्सी प्रीफे. ७ एप्रिलला किगालीत कत्तल सुरू झाली, शेजारच्या गिकोंगोरोत झाली, पण बुतारेत या माणसाने सभा घेतल्या, अधिकाऱ्यांना दम दिला, काही अपवाद सोडता प्रांत साधारण दीड आठवडा शांत ठेवला. आजूबाजूचे लोक जीव वाचवायला बुतारेकडे पळत होते. १७ एप्रिलला रेडिओवर जाहीर झालं की त्याला काढलंय. १९ तारखेला नव्या प्रीफेला खुर्चीवर बसवायच्या समारंभात हंगामी राष्ट्राध्यक्ष सिंदिकुब्वाबो स्वतः आला आणि 'आम्हाला काय त्याचं' म्हणून गप्प बसलेल्यांना त्याने भाषणात झापलं, काम करायचं नसेल तर बाजूला व्हा. मग राजधानीतून सैनिक आले. २० तारखेला वृद्ध माजी राणी रोझाली गिकांडाला घरातून नेऊन मारलं, आणि पुढच्या काही दिवसांत बुतारेत इतकी माणसं मेली की हा प्रांत सगळ्यात वाईट जागांपैकी एक ठरला. काढलेला प्रीफेही मारला गेला.

द्वेषच उफाळायचा होता तर तो दीड आठवडा कसा थांबला, आणि एका भाषणानंतर कसा सुरू झाला? द्वेष असेलही, पण सुरू करायचा आदेश वरून आला होता.

६. साधी शेतकरी माणसं शेजाऱ्याला कशी काय मारू शकली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं एका ओळीत उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

रवांडात सरकार घरापर्यंत पोचलेलं होतं. प्रांत, मग कम्यून, मग सेक्टर, मग दहा घरांमागे एक जबाबदार माणूस. दर आठवड्याला 'उमुगांडा', म्हणजे सक्तीचं श्रमदान, रस्ता करा, बांध घाला, आणि न येणाऱ्याला दंड. १९९४ ला हीच यंत्रणा वापरली. बोलावणारा तोच, हजेरी घेणारा तोच, आणि भाषाही तीच, मारण्याला 'काम' म्हणायचे, झुडपं साफ करणं म्हणायचे. सकाळी शिट्टी वाजली की निघायचं, संध्याकाळी परत.

त्यात भीती होती, न आलास तर तूही त्यांचाच. लूट होती, गुरं, पत्रे, दारं-खिडक्या, आणि सगळ्यात मोठं म्हणजे मेलेल्याची जमीन. युद्धाची खरी धास्ती पण होती, सीमेपलीकडून आरपीएफ येतच होती. नंतर तुरुंगातल्या कैद्यांच्या मुलाखती घेतलेल्या अभ्यासकांना दिसलं की बरेचसे लोक शेजाऱ्यांच्या आणि गावातल्या पुढाऱ्यांच्या दबावाखाली गेले, तुत्सींबद्दल टोकाचा द्वेष सगळ्यांच्यात नव्हता. प्रत्यक्ष हात रंगलेले किती, याचा एक अंदाज पावणेदोन ते दोन लाखांचा आहे. म्हणजे बहुसंख्य प्रौढ हुतूंनी मारलं नाही, हे पण लक्षात ठेवा. गिती नावाच्या कम्यूनमध्ये तर तिथल्या प्रमुखाने कत्तल होऊच दिली नाही. आणि झुरा कारुहिंबी नावाच्या वैदू म्हातारीने शंभराच्या आसपास लोक घरात लपवले आणि मारेकरी आले की माझ्या घरातली भुतं तुमच्यावर सोडीन म्हणून धमकावलं, ते घाबरून परत गेले. अशी माणसं होती, पण संघटित नव्हती.

७. रेडिओने खरंच माणसं मारली का?

आरटीएलएम हे खाजगी स्टेशन १९९३ ला सुरू झालं. गाणी मस्त, निवेदक विनोदी, पोरांना आवडायचं, सरकारी रेडिओसारखं रटाळ नाही. त्यातच तुत्सी म्हणजे झुरळं हे रोज घोटून घेतलं जायचं. एप्रिलनंतर मात्र नावं, पत्ते, गाड्यांचे नंबर, कोण कुठे लपलंय ते थेट सांगायला लागले.

त्याच्याही आधी नोव्हेंबर १९९२ ला लिओन मुगेसेरा या पुढाऱ्याने जाहीर सभेत सांगितलं होतं की तुत्सींना न्याबारोंगो नदीतून इथिओपियाला परत पाठवू. (तुत्सी मूळचे तिकडचे, हा वसाहतकाळातला बोगस सिद्धांत.) १९९४ ला खरोखरच हजारो प्रेतं नद्यांतून वाहत व्हिक्टोरिया सरोवरात गेली आणि युगांडाच्या किनाऱ्यावर लागली. मुगेसेरा तोवर कॅनडात, त्याला तिथून हाकलायला २०१२ उजाडलं, आणि २०१६ ला रवांडात जन्मठेप झाली.

पण फक्त रेडिओमुळे माणसं उठली असं म्हणणं ताणलेलं आहे. रेडिओ पोचला नाही त्या डोंगरांवर पण कत्तल झाली. रेडिओने मारेकऱ्यांमधला समन्वय साधला आणि हे सगळं अधिकृत आहे असं वातावरण केलं. रेडिओ बंद पाडता आला असता का, ते १२ मध्ये.

८. विमान कोणी पाडलं?

६ एप्रिलच्या रात्री किगालीला उतरताना क्षेपणास्त्राने पाडलं, हाब्यारिमाना आणि बुरुंडीचा राष्ट्राध्यक्ष न्तार्यामिरा दोघंही गेले. २००६ ला एका फ्रेंच न्यायाधीशाने आरपीएफवर ठपका ठेवला, मग २०१२ ला दुसऱ्या फ्रेंच न्यायाधीशाने नेमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की मारा कानोंबे लष्करी तळाच्या बाजूने झाला असावा, आणि तो तळ सरकारी सैन्याचा. फ्रान्समधला खटला शेवटी पुराव्याअभावी बंद झाला.

इथे अनेकजण घसरतात. विमान कोणीही पाडलं असेल, त्याने लाखो शेतकरी, बायका, पोरं मारायचं समर्थन होत नाही, आणि काही तासांत नाकेबंद्या उभ्या राहिल्या, याद्या बाहेर आल्या, त्या विमान पडल्यावर टाईप केलेल्या नव्हत्या.

९. जगाला आधी माहीत होतं का?

हो. न्यूयॉर्कच्या फायलीत कागद आहे.

११ जानेवारी १९९४. किगालीत यूएनच्या शांतिसेनेचा प्रमुख कॅनडाचा जनरल रोमिओ दालेअर. त्याला इंतेराहाम्वेच्या आतल्या एका माणसाने सांगितलं की किगालीतल्या सगळ्या तुत्सींची नोंद करायला सांगितलंय, माझी माणसं २० मिनिटांत १,००० तुत्सी मारू शकतात, शस्त्रं कुठे लपवलीत ते दाखवतो, माझ्या कुटुंबाला संरक्षण द्या. आणि एक गोष्ट अजून, काही बेल्जियन सैनिकांना मारायचा बेत आहे, म्हणजे बेल्जियम सैन्य काढून घेईल. दालेअरने फॅक्स केला की ३६ तासांत धाड घालतो. शांतिसेना विभागाचा प्रमुख तेव्हा कोफी अन्नान. तिथून उत्तर आलं, हे तुमच्या अधिकारात बसत नाही, धाड घालू नका, राष्ट्राध्यक्षांना आणि बेल्जियम, फ्रान्स, अमेरिकेच्या राजदूतांना कळवा. म्हणजे ज्याच्या पक्षाची शस्त्रं, त्यालाच जाऊन सांगा.

तीन महिन्यांनी त्या माणसाने सांगितलेलं बहुतेक सगळं घडलं, बेल्जियन सैनिकांसकट.

१०. शांतिसेनेचे २,५०० सैनिक होते ना तिथे? मग काय बघत बसले?

अंशतः हो, आणि तसाच हुकूम होता. ही सेना करार पाळला जातोय का ते बघायला पाठवलेली, कागदावर अगदी तोकडे अधिकार, हाताशी गोळ्या आणि गाड्या कमी. ७ एप्रिलला पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना, ही स्वतः हुतू आणि मवाळ, तिच्या संरक्षणाला गेलेल्या १० बेल्जियन सैनिकांना पकडून तळावर नेऊन मारलं, तिलाही मारलं. बेल्जियमने लगेच सैन्य काढायचं ठरवलं. फॅक्समधला डाव जसाच्या तसा यशस्वी.

मग ११ एप्रिल. किगालीतल्या ईटीओ या तंत्रशाळेत ९० च्या आसपास बेल्जियन सैनिक होते आणि त्यांच्या भरवशावर आवारात साधारण २,००० लोक जमलेले. फाटकाबाहेर मारेकरी बसलेले, बिअर पीत, शिट्ट्या वाजवत. फ्रेंच सैनिक आले, गोऱ्या लोकांना घेऊन गेले, पाठोपाठ बेल्जियन पण निघाले, लोक गाड्यांसमोर आडवे पडले तरी निघाले. काही तासांत त्या २,००० मधले बहुतेक सगळे मारले गेले. त्याच आठवड्यात परदेशी नागरिकांना बाहेर काढायला फ्रान्स, बेल्जियम, इटलीचं उत्तम शस्त्रसज्ज सैन्य किगाली विमानतळावर उतरलं होतं. म्हणजे विमानं होती, सैनिकही होते, पाठवायची इच्छा असली की दोन दिवसांत पोचत पण होते.

सगळे पळाले नाहीत हेही सांगायला हवं. घानाची तुकडी राहिली, दालेअर राहिला. सेनेगलचा कॅप्टन एम्बाये जान्य, निःशस्त्र निरीक्षक, गाडीत तीनचार माणसं लपवून, नाक्यावरच्या पोरांना सिगरेटी वाटत, हसवत, शेकडो लोक बाहेर काढले, ३१ मे ला तोफगोळ्याच्या तुकड्याने गेला. यूएनने शौर्यासाठी पदक काढलं ते त्याच्याच नावाने.

११. सुरक्षा परिषदेने सैन्य वाढवायचं सोडून कमी कसं काय केलं?

२१ एप्रिल १९९४, ठराव ९१२, सेना २७० वर आणा. (प्रत्यक्षात दालेअरने साडेचारशेच्या आसपास माणसं टिकवली.) कत्तल तेव्हा ऐन भरात, बुतारे आदल्या दिवशीच पेटलेलं.

कारणं तीन. बेल्जियमला एकट्याने पळाल्यासारखं दिसायचं नव्हतं म्हणून तो इतरांनाही 'सगळेच निघूया' म्हणत फिरत होता. अमेरिकेच्या डोक्यात सोमालिया, ऑक्टोबर १९९३ ला मोगादिशूत १८ अमेरिकन सैनिक मेले होते, आफ्रिकेत पुन्हा पाऊल नको. आणि तिसरं कारण कोणी सांगितलं तर चेष्टा वाटावी असं: १९९४ ला सुरक्षा परिषदेच्या १० अस्थायी सदस्यांपैकी एक खुद्द रवांडा होता. कत्तल करणाऱ्या सरकारचा राजदूत बंद खोलीतल्या चर्चेत बसून ऐकत होता, कोणाची मदतीची तयारी नाही ते त्याला पहिलं कळत होतं. त्याला कोणी उठवलं नाही.

१७ मे ला ठराव ९१८ ने ५,५०० सैनिक मंजूर केले. जुलैच्या शेवटी प्रत्यक्ष संख्या ५५० च्या आसपास. अमेरिकेकडून ५० चिलखती गाड्या हव्या होत्या, भाडं किती आणि वाहतुकीचा खर्च कोणाचा यावर आठवडेच्या आठवडे गेले, गाड्या युगांडात पोचल्या तोवर मारायला फारसं कोणी उरलं नव्हतं.

१२. अमेरिका 'जेनोसाइड' म्हणायलाच का तयार नव्हती?

कारण १९४८ च्या यूएनच्या वंशसंहारविरोधी करारात सही करणाऱ्या देशांवर वंशसंहार रोखायची जबाबदारी आहे. १ मे १९९४ च्या अमेरिकन संरक्षण खात्याच्या एका टिपणात हे स्पष्टच लिहिलंय, की असं म्हटलं तर सरकारला खरोखर काहीतरी करायला लागेल, जपून. मग परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या पत्रकारांपुढे 'वंशसंहाराची कृत्यं' घडलीत असं म्हणायला लागल्या, आणि १० जूनला एका पत्रकाराने विचारलं की अशी किती कृत्यं झाली की वंशसंहार होतो? उत्तर नव्हतं.

करार 'सैन्य पाठवाच' असं म्हणत नाही हेही खरं, म्हणजे ती भीतीही जरा जास्तच होती. सैन्याशिवाय करण्यासारखं बरंच होतं. आरटीएलएमचं प्रक्षेपण विमानातून जॅम करायचा प्रस्ताव आला होता, मे मध्ये संरक्षण खात्याने कळवलं की विमानाला तासाला ८,५०० डॉलर खर्च येईल आणि हा उपाय परिणामकारक नाही. विषय संपला.

१३. फ्रान्सचं काय?

फ्रान्सचं प्रकरण 'काही केलं नाही' यात बसत नाही, त्यांनी केलं, पण चुकीच्या बाजूने. १९९० पासून हाब्यारिमानाच्या सैन्याला प्रशिक्षण, शस्त्रं, सल्लागार. २२ जून १९९४ ला यूएनच्या परवानगीने 'ऑपरेशन टर्क्वाज' म्हणून २,५०० च्या आसपास सैनिक पाठवले, नैर्ऋत्येला सुरक्षित पट्टा केला, काही हजार जीव त्यात वाचले हे मान्य. पण त्याच पट्ट्यातून मारेकरी आणि त्यांचे पुढारी काँगोत निसटले.

बिसेसेरोचं एवढं वाचा. डोंगरावरचे तुत्सी दगड-भाल्यांनी अडीच महिने लढत तगलेले. २७ जूनला फ्रेंच गस्त दिसली म्हणून लपलेले लोक बाहेर आले. फ्रेंचांनी सांगितलं आम्ही परत येतो, आणि आले ३० जूनला. मधल्या तीन दिवसांत बाहेर आलेल्यांपैकी शेकडो मारले गेले.

२०२१ ला फ्रान्सच्या अधिकृत आयोगाने फ्रान्सवर मोठी जबाबदारी टाकली, पण कटात सामील असल्याचं दिसत नाही म्हटलं. त्याच मे मध्ये मॅक्रॉन किगालीत जबाबदारी मान्य करून आले, सरळ माफी मात्र नाही.

१४. भारत तेव्हा काय करत होता?

भारत १९९४ ला सुरक्षा परिषदेवर नव्हता (१९९१-९२ ला होता), त्यामुळे वरच्या मतदानात नाही. कत्तल संपल्यावर वाढवलेल्या शांतिसेनेत भारतीय तुकडी गेली, आणि शेवटच्या काही महिन्यांत सेनेची हंगामी कमान भारताच्या ब्रिगेडियर शिवकुमार यांच्याकडे होती. १९४८ चा करार भारताने १९५९ ला मान्य केला, पण देशात वंशसंहाराचा वेगळा कायदा अजून नाही.

१५. लोक चर्चमध्ये गेले तरी कसे मेले?

आधीच्या दंगलीत चर्चमध्ये शिरलेल्याला हात लावत नसत, म्हणून लोक तिकडेच पळाले, काही ठिकाणी अधिकाऱ्यांनीच तिकडे जा म्हणून पाठवलं. एका जागी जमलेले लोक मारायला सोपे. न्यामाटा, न्तारामा इथली चर्च आज स्मारकं आहेत, न्यामाटाला मेलेल्यांचे कपडे बाकांवर ठेवलेत. न्यांगेला तर आत लोक असताना चर्च बुलडोझरने पाडलं, आणि तिथला पाद्रीच त्यात सामील होता, त्याला अरुशाच्या यूएन न्यायाधिकरणाने जन्मठेप दिली. मारले गेलेले पाद्री आणि नन पण पुष्कळ. पोपने माफी मागितली २०१७ ला.

१६. शेवटी थांबवलं कोणी, आणि आरपीएफने पण माणसं मारलीच ना?

थांबवलं आरपीएफने, पॉल कागामेच्या नेतृत्वाखाली युद्ध जिंकून. ४ जुलैला किगाली घेतली.

आणि हो, आरपीएफनेही नागरिक मारले. १९९४ साठी एक अंदाज २५ ते ३० हजारांचा आहे, आणि १९९६ नंतर काँगोत शिरल्यावर हुतू निर्वासितांच्या ज्या कत्तली झाल्या त्यावर २०१० चा यूएनचा सविस्तर अहवाल आहे. या गुन्ह्यांवर जवळजवळ कोणाला शिक्षा नाही, आणि आज रवांडात यावर मोकळेपणाने बोललं तर तुरुंगाची भीती. पण 'दोन्हीकडून झालं, फिट्टंफाट' हे खपवून घेऊ नका. एका बाजूला अख्खा गट, तान्ह्या बाळांसकट, नाहीसा करायची राज्ययंत्रणेची योजना होती. दुसरीकडचे गुन्हे गंभीर आहेत, त्यांचा खटला त्यांच्या नावाने चालवा, पहिल्याचं वजन कमी करायला वापरू नका.

१७. एकच भाषा, एकच धर्म, मग कायद्याने तुत्सी हा वेगळा 'गट' ठरतो कसा?

भारी प्रश्न, आणि कोर्टालाही पडला होता. १९४८ च्या करारात राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, एवढेच बसतात. २ सप्टेंबर १९९८ ला अरुशाच्या यूएन न्यायाधिकरणाने ताबा कम्यूनचा माजी प्रमुख अकायेसू याला दोषी ठरवलं, आंतरराष्ट्रीय कोर्टाने खटला चालवून वंशसंहाराबद्दल कोणाला दोषी ठरवायची ही पहिलीच वेळ. कोर्टाने बघितलं की रवांडात प्रत्येकाच्या सरकारी कागदावर गट लिहिलेला, बापाकडून चालत आलेला, स्थिर, आणि मारणारे पण तसंच मानत होते. म्हणजे २ मधलं ते कार्ड फिरून इथे पुरावा झालं. याच निकालात बलात्कार हे वंशसंहाराचं साधन असू शकतं हेही पहिल्यांदा ठरलं.

उलटी गंमत बघा, मवाळ हुतूंना मारलं ते या व्याख्येत बसत नाही, कारण राजकीय गट करारात नाहीत. ते गुन्हे मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हणून चालले. शिक्षा तेवढीच कडक, नाव वेगळं.

१८. किती जणांना शिक्षा झाली?

अरुशाच्या न्यायाधिकरणाने ६० च्या वर लोकांना दोषी ठरवलं, त्यात हंगामी पंतप्रधान कांबांडा, आरटीएलएमचे लोक, आणि महिला व कुटुंब कल्याण मंत्री पोलिन न्यिरामासुहुको, आंतरराष्ट्रीय कोर्टात वंशसंहारासाठी दोषी ठरलेली पहिली बाई, गाव बुतारे. देशात 'गचाचा' नावाची गावकोर्टं बसवली, गवतावर बसून गावकऱ्यांनीच निवाडा करायचा, अशी १२ हजारांच्या आसपास कोर्टं आणि २०१२ पर्यंत १९ लाखांच्या आसपास प्रकरणं. वकील नाहीत, खोट्या साक्षी झाल्या, आरपीएफचे गुन्हे बाहेर ठेवले, टीका रास्त आहे. पण नेहमीच्या कोर्टांनी एवढी प्रकरणं संपवायला शतक लागलं असतं.

आरटीएलएमला पैसा पुरवल्याचा आरोप असलेला धनाढ्य व्यापारी फेलिसिएन काबुगा २०२० ला पॅरिसजवळ सापडला, २६ वर्षांनी. २०२३ ला कोर्टाने ठरवलं की स्मृतिभ्रंशामुळे खटला चालवता येत नाही.

१९. सैन्य पाठवलं असतं तर किती वाचले असते?

दालेअरचं म्हणणं, ५,००० चांगले सैनिक वेळेत मिळाले असते तर बहुतेक कत्तल टळली असती. टीकाकार म्हणतात इतकं सोपं नव्हतं, बरीच माणसं पहिल्या काही आठवड्यांतच मेली, बाहेरून येणारं सैन्य तोवर पोचलं नसतं. टीकेत दम आहे, फक्त ती 'बाहेरून येणाऱ्या' सैन्याबद्दल आहे. २,५०० तर आतच होते. किगालीच्या अमाहोरो स्टेडियमवर यूएनचे मोजके सैनिक उभे राहिले आणि हजारो लोक तगले. ईटीओतून गेले आणि २,००० लोक संपले. दोन्ही एकाच शहरात, एकाच महिन्यात.

२०. नंतर काही बदललं का?

कागदावर बरंच. अन्नान, क्लिंटन (मार्च १९९८, किगाली विमानतळ), बेल्जियमचे पंतप्रधान, सगळ्यांनी खेद किंवा माफी. २००५ ला यूएनमध्ये सगळ्या देशांनी 'संरक्षणाची जबाबदारी' हे तत्त्व मान्य केलं. प्रत्यक्षात, रवांडानंतर वर्षभरातच, जुलै १९९५ ला यूएनने 'सुरक्षित' जाहीर केलेल्या स्रेब्रेनित्सात ८,००० च्या आसपास बोस्नियन मुसलमान पुरुष आणि पोरं मारली गेली. २००७ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सर्बियाला वंशसंहार न रोखल्याबद्दल दोषी धरलं, म्हणजे रोखणं हे नुसतं नैतिक नाही, कायदेशीर कर्तव्य आहे हे पक्कं झालं. दंड काही नाही.

२१. मग शेजारी देशाने कोणाची वाट न बघता सैन्य घातलं तर चालतं का?

कायद्याच्या पुस्तकात फार अवघड आहे, स्वसंरक्षण किंवा सुरक्षा परिषदेची परवानगी, तिसरा रस्ता मान्य नाही. पण विसाव्या शतकात मोठ्या कत्तली प्रत्यक्षात थांबल्या त्या बहुतेक अशाच. १९७१ ला भारत पूर्व पाकिस्तानात शिरला, १९७९ ला टांझानियाने युगांडात इदी अमीनला हाकललं, त्याच वर्षी व्हिएतनामने कंबोडियात पोल पॉटला. तिघांनाही स्वतःचा फायदा होता, निव्वळ करुणेने कोणी गेलं नाही. रवांडाभोवती असा शेजारी नव्हता.

बक्षीस म्हणाल तर व्हिएतनामवर निर्बंध आले, आणि यूएनमधली कंबोडियाची खुर्ची पुढे कितीतरी वर्षं ख्मेर रूज (पोल पॉटचा पक्ष) आणि त्यांच्या साथीदारांकडेच राहिली.